फुकटचा सर्च आणि अकरा जणांचा ठराव

या वेळचं पत्र दापोलीजवळच्या एका वाचक भगिनीचं आहे. ओळख पटेल असा मजकूर काढून ते थोडं आटोपशीर केलं आहे.

«ताई, नमस्कार. आमचं घर सर्चवाल्यांचं म्हणून ओळखलं जातं. वडिलांनी दापोली, खेड आणि मंडणगड या तीन तालुक्यांत तीस वर्षं जमिनींचे सर्च घेतले, म्हणजे जमिनीवर आधी कोणते व्यवहार, कोणते बोजे आहेत ते जुन्या नोंदींतून शोधून दिलं. ते गेल्यापासून नऊ वर्षं मी घेते. वकील काम देतात, मी दुय्यम निबंधकांकडच्या आणि तलाठ्यांकडच्या नोंदी काढून देते, अहवालावर सही वकिलांची. तीस वर्षांच्या सर्चचे मी साडेतीन हजार घेते. तीन वर्षांपूर्वी मुंबईची एक कंपनी इथे आली. आधी ९९९ रुपयांत सर्च द्यायची. गेल्या वर्षापासून खरेदीखत आणि कर्जाचं काम त्यांच्याकडून करून घेतलं तर सर्च फुकट. मुरुड-कर्दे भागात प्लॉट पाडणारे बहुतेक जण आणि गृहकर्ज देणाऱ्या दोन शाखा आता फक्त त्यांचाच अहवाल मागतात. माझं काम निम्म्यावर आलंय.

गेल्या महिन्यात त्यांचा माणूस घरी आला. म्हणाला, आमच्यासाठी काम करा, नगावर पैसे देऊ. पण दोन वर्षं दुसऱ्या कुणाचा सर्च घ्यायचा नाही, आम्हाला सोडलंत तरी पुढची दोन वर्षं या तीन तालुक्यांत काम करायचं नाही, आणि वडिलांच्या वह्या कंपनीकडे जमा करायच्या. मी वेळ मागून घेतला.

इकडे आम्ही तिन्ही तालुक्यांतले अकरा सर्चवाले मंगल कार्यालयात जमलो. ठराव केला: दर चार हजार, कुणी खाली यायचं नाही, कंपनीचं काम कुणी धरायचं नाही, जो धरेल त्याला बाकीच्यांनी वाळीत टाकायचं. सगळ्यांच्या सह्या आहेत. मला सेक्रेटरी केलंय, प्रोसिडिंग बुक माझ्याकडेच आहे. आता सगळे म्हणतात, दिल्लीला स्पर्धा आयोगाकडे कंपनीची तक्रार कर. करू का? जिंकू का?»

तुम्ही विचारलंय कंपनीबद्दल. मला आधी बोलायचंय ते तुमच्या कपाटातल्या त्या प्रोसिडिंग बुकाबद्दल. आज तक्रार गेली, तर कंपनीचा दोष सिद्ध व्हायला वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही. तुमचा दोष मात्र त्या एका पानावर, अकरा सह्यांसकट लिहून ठेवलेला आहे.

हे कठोर वाटेल, म्हणून नीट सांगते. स्पर्धा कायदा, २००२ मध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. कलम ४ बलाढ्याने आपल्या ताकदीचा गैरवापर करण्याबद्दल आहे. कलम ३ एकमेकांचे स्पर्धक असलेल्यांनी आपसात संगनमत करण्याबद्दल आहे, मग ते लहान असोत की मोठे. कलम ४ खाली कुणाला पकडायचं तर आधी बाजार कोणता ते ठरवावं लागतं, मग त्यात त्याचं वर्चस्व दाखवावं लागतं, मग गैरवापर. कलम ३ मध्ये दर ठरवणं, गिऱ्हाईक किंवा गावं वाटून घेणं, पुरवठा अडवणं अशा संगनमताला कायदा मुळातच स्पर्धेला मारक धरून चालतो. तसं नाही, हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. «आम्ही गरीब, ते श्रीमंत» हे सांगून ती उतरत नाही.

बंगालमधलं एक प्रकरण तुमच्याशी इतकं जुळतं की ते सांगायलाच हवं. २०११ साली एक हिंदी पौराणिक मालिका बंगालीत डब करून दोन वाहिन्या दाखवणार होत्या. तिथल्या कलाकार आणि तंत्रज्ञांच्या समन्वय समितीने वाहिन्यांना दम भरला की दाखवाल तर असहकार करू. त्यांची भीती खोटी नव्हती. डब केलेल्या मालिका आल्या तर स्थानिक नट, लेखक, कॅमेरामन यांचं काम जाणार होतं. तुमच्यासारखीच पोटाची भीती. तरी स्पर्धा आयोगाने तो बहिष्कार कायद्याविरुद्ध ठरवला आणि मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचंच म्हणणं उचलून धरलं. औषध विक्रेत्यांच्या संघटनांवरही अशा एकजुटीच्या हट्टापायी आयोगाने वेळोवेळी कारवाई केली आहे. तेही दुकानदारच होते.

तुमच्या ठरावात दर आहे, बहिष्कार आहे आणि मोडणाऱ्याला शिक्षा आहे. कंपनीच्या वकिलाला यापेक्षा चांगली भेट मिळणार नाही. तुम्ही तक्रार केलीत की तो पहिल्या उत्तरातच हे पान जोडेल. अकरा जणांतला एखादा उद्या त्यांच्याकडे कामाला गेला की पानाचा फोटो त्यांच्या हातात पडलाच म्हणून समजा.

म्हणून पहिलं काम हे. ते पान फाडू नका. फाडलंत तर चुकीवर लबाडी चढेल. पुढची सभा बोलवा आणि त्याच पुस्तकात नवा ठराव लिहा, की मागचा दराचा आणि काम न धरण्याचा ठराव मागे घेतला आहे, तो कधी अमलात आलेला नाही (हे खरं असेल तरच लिहायचं), प्रत्येकाने आपला दर आपण ठरवावा आणि कंपनीचं काम घ्यायचं की नाही हेही ज्याचं त्याने पाहावं. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर दराबद्दल एक शब्दही नको. «चार हजारच ना?» आणि पुढे अंगठा, एवढ्यावरही संगनमत दिसतं.

याचा अर्थ तुम्ही एकत्र येऊच नये असा नाही. निबंधक कार्यालयात बसायला जागा नाही, नोंदलेल्या दस्तांची सूची असलेल्या जीर्ण इंडेक्स बुकांची डागडुजी होत नाही, याबद्दल सगळ्यांनी मिळून अर्ज करा. नव्या मुलांना जुनी मोडी लिपी वाचायला शिकवा. चौघीपाचजणी मिळून खरीखुरी भागीदारी संस्था काढलीत, भांडवल एकत्र, काम एकत्र, नफा-तोटा एकत्र, तर तिचा एक दर असणारच. कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमाला कायद्याने कलम ३ मध्ये वाट ठेवली आहे. फक्त नाव संस्थेचं आणि धंदा प्रत्येकाचा वेगळा, असं नको.

आता कंपनीकडे वळते.

फुकट देणं गुन्हा आहे का? आपल्याच देशातली दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. २०१६ मध्ये जिओने महिनोन्महिने फुकट डेटा दिला. एअरटेल आयोगाकडे गेली की हे आम्हाला संपवण्यासाठी चाललं आहे. जून २०१७ मध्ये आयोगाने ती तक्रार बंद केली. कारण साधं होतं: बाजारात मोठे खेळाडू आधीपासून बसलेले, जिओ नुकतीच आलेली, जिच्याकडे वर्चस्वच नाही ती वर्चस्वाचा गैरवापर कसा करणार? आता दुसरं उदाहरण. राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, चलनाच्या वायद्यांच्या व्यवहारांवरचं शुल्क शून्य केलं होतं. त्याच धंद्यात नव्याने उतरलेल्या एमसीएक्स स्टॉक एक्स्चेंजने तक्रार केली की एनएसईला इतर विभागांत बक्कळ मिळतं, ती इथे फुकट देऊन बसू शकते, आम्ही कुठून देणार? २०११ मध्ये आयोगाने एनएसईला ५५.५ कोटी रुपयांचा दंड केला.

दोन्हीकडे फुकटच, पण निकाल उलटसुलट. सगळा फरक देणारा कोण होता आणि कुठे उभा होता यात आहे. तुमच्या मनातला «एवढी मोठी कंपनी, फुकट देते, म्हणजे लबाडीच» हा राग मला कळतो, पण आयोगासमोर पहिला प्रश्न हाच येणार की दापोली-खेड-मंडणगडात सर्च घेण्याच्या बाजारात ही कंपनी खरोखर वरचढ आहे का. वर्चस्वासाठी कायद्यात ठरावीक टक्केवारी नाही. हिस्सा, पैशाचं बळ, गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय आहे का, नव्याने धंद्यात यायला किती अडथळे आहेत, असं सगळं कलम १९ मध्ये दिलेलं आहे आणि ते एकत्र तोललं जातं.

बाजार तीन तालुक्यांचा धरता येईल का, अशी शंका तुमच्या गटात कुणीतरी काढेलच. धरता येतो. डीएलएफच्या प्रकरणात २०११ साली आयोगाने ६३० कोटींचा दंड केला तेव्हा बाजार धरला होता एकट्या गुडगावातल्या महागड्या फ्लॅटचा. अख्खा देश नाही, अख्खी दिल्लीही नाही. दापोलीतल्या जमिनीचा सर्च घ्यायला कुणी नागपूरहून येत नाही, तेव्हा तीन तालुके ही मांडणी हसण्यावारी जाणार नाही. उलट अनुभवही आहे. २०१६ मध्ये दलालांच्या एका महासंघाने घरं-जमिनी शोधण्याच्या मोठ्या संकेतस्थळांविरुद्ध तक्रार केली होती. आयोगाने ती घेतली नाही. संकेतस्थळं बरीच, एकमेकांशी झटणारी, कुणा एकाचं वर्चस्व नाही. आणि सगळी मिळून वरचढ आहेत असं म्हणायला आपल्या कायद्यात जागाच नाही. म्हणून तक्रारीत «कंपनी, त्या दोन शाखा आणि प्लॉटवाले सगळे मिळून» अशी मोट बांधू नका. बोट एकाकडेच हवं.

तुमच्या बाजूने सगळ्यात अवघड मुद्दा कोणता आहे, तेही सांगते. तुमच्या धंद्याचा कच्चा माल सगळ्यांसाठी उघडा आहे. नोंदणी कायदा, १९०८ चं कलम ५७ सांगतं की ठरलेली फी भरून कुणीही पहिलं पुस्तक, म्हणजे जमीनजुमल्याच्या दस्तांचं नोंदणी पुस्तक, आणि त्याचा इंडेक्स पाहू शकतं. सात-बारा, फेरफार ऑनलाइन मिळतात, डिजिटल सहीचा सात-बारा तर पंधरा रुपयांत. त्यामुळे कंपनीचा वकील म्हणेल, दार उघडं आहे, कुणीही यावं, आम्ही कुणाला अडवलं?

हा मुद्दा किती मोलाचा आहे ते इंग्लंडच्या उदाहरणावरून कळतं. तिथे घर घेताना रस्ता, गटार, बांधकाम परवानगी याबाबतच्या नोंदी स्थानिक कौन्सिलकडे असतात. कौन्सिल त्या नोंदी सांभाळायची आणि तयार सर्चही स्वतःच विकायची. खासगी सर्चवाल्यांची तक्रार होती की आम्हाला नोंदी पाहायला नीट देत नाहीत. तिथल्या बाजार-तपास कार्यालयाने २००५ साली या धंद्याचा अभ्यास करून कच्च्या नोंदी सगळ्यांना सारख्या अटींवर मिळाल्या पाहिजेत अशी शिफारस केली आणि २००८ मध्ये शुल्काबाबत नियम आले. खरी मक्तेदारी तिथे जन्मते, जिथे विहीरही एकाचीच आणि पाण्याचे टँकरही त्याचेच. आपल्याकडे विहीर सरकारची आहे आणि सरकार सर्चचे अहवाल विकत नाही.

म्हणून एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलं होतं की कंपनीचा मुलगा आता कार्यालयात आतल्या टेबलावर बसतो आणि तुम्हाला «दुपारनंतर या» सांगतात. हे जर रोजचं असेल, कंपनीला जुनी पुस्तकं आधी मिळत असतील, फोटो काढायला मुभा असेल आणि तुम्हाला नसेल, तर तो मुद्दा फुकट सर्चपेक्षा कितीतरी मोठा आहे. त्यासाठी दिल्लीला जायची गरजही नाही. तारीख-वार लिहून ठेवा, प्रत्येक वेळी लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि रत्नागिरीला सह जिल्हा निबंधकांकडे कलम ५७ चा हवाला देऊन तक्रार करा. चारपाच पोचा हातात असल्या की अधिकारी हलतो, हा माझा अनुभव आहे. पुढे कधी आयोगाकडे जायची वेळ आली तर याच पोचा तिथेही कामाला येतील.

दुसरा मुद्दा जोडविक्रीचा. सर्च फुकट, पण खरेदीखत आणि कर्ज त्यांच्याकडूनच. एका वस्तूबरोबर दुसरी गळ्यात मारणं आणि एका बाजारातल्या वर्चस्वाच्या जोरावर दुसऱ्यात शिरणं, दोन्ही कलम ४ मध्ये गैरवापर म्हणून दिलेले आहेत. पण पुन्हा तेच, वर्चस्व आधी. आणि गिऱ्हाइकाला खरोखर दुसरा रस्ता नाही हे दाखवावं लागेल. त्या दोन शाखा इतरांचा अहवाल नाकारतात ते तोंडी की लेखी? आपल्या पॅनेलवर कोणाला घ्यायचं हा कर्ज देणाऱ्याचा अधिकार आहे, पण पॅनेलवर यायला काय लागतं, हे तुमच्या वकिलांनी लेखी विचारलं पाहिजे. उत्तर आलं नाही, तर ते न येणंही नोंदवा.

आता तो करार. सही करू नका, निदान या रूपात नाही.

काम करत असताना दुसऱ्याचं काम घ्यायचं नाही, ही अट टिकू शकते. काम सोडल्यावरही दोन वर्षं या तालुक्यांत हा धंदा करायचा नाही, ही अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे टिकत नाही. धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. पण «टिकत नाही» म्हणून सही करून मोकळं व्हायचं नसतं. नोटीस आली की वकील बघा, तारखा घाला, आणि तोवर तुमचे जुने पक्षकार दुसरीकडे वळलेले असतात. त्यांचं काम घ्यायचंच असेल तर नगावर घ्या, बंधन न घालता घ्या. तुमचं पोट भरायला त्यात काही कमीपणा नाही, आणि ठराव मागे घेतल्यावर ते तुम्हाला मोकळेपणाने करता येईल.

आणि वह्या. वडिलांच्या वह्या त्यांना का हव्यात, याचा विचार केलात का?

नव्वदच्या दशकात मी ज्युनिअर वकील असताना एका तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात इंडेक्स चाळत बसले होते. जून उजाडलेला, पागोळ्यांचं पाणी खिडकीच्या फळीवर, पुस्तकाची पानं ओलीने एकमेकांना चिकटलेली. शिपायाने लाकडी पट्टी आत घालून एक पान हलक्या हाताने सोडवलं. आमच्या हातातल्या सात-बारावर ज्या माणसाचं नाव गावाच्या आडनावासकट होतं, तो त्या इंडेक्समध्ये नुसता नाव आणि बापाचं नाव एवढाच होता. आडनाव नाही. त्यापुढे १९७१ चं गहाणखत. गावातला प्रत्येकजण म्हणत होता जमीन निर्वेध आहे. ते पान चिकटलेलंच राहिलं असतं तर माझ्या पक्षकाराने गहाणाची जमीन पैसे मोजून घेतली असती. गहाण सोडवण्याची मुदत ३० वर्षं, म्हणून आपण ३० वर्षांचा सर्च घेतो, हे त्या दिवशी मला पुस्तकातून नाही, पानातून कळलं.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रातले दस्त २००२ पासूनचे शोधता येतात. त्याच्या मागचं सगळं अजून त्या पुस्तकांत आहे, किंवा तुमच्या वडिलांच्या वह्यांत आहे. खोती, म्हणजे गावाचा सारा खोतांमार्फत गोळा करायची जुनी पद्धत, १९४९ च्या कायद्याने गेल्यावर कोणत्या गावात कुणाची नावं कशी लागली. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला, म्हणजे कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानलं त्या दिवशी, कोणत्या गटावर कुळ होतं आणि परवानगीशिवाय विकायचं नाही ही कुळकायद्याच्या कलम ४३ ची अट अजून कुठे आहे. कोणत्या भावकीत मुंबईला गेलेल्या आतेचं नाव वारस तपासात राहून गेलं. कोणता पोटहिस्सा कागदावर आहे आणि बांधावर नाही. कंपनीने स्कॅन केलेला इंडेक्स तुम्हाला ओळ दाखवेल. ती ओळ कोणाची, हे वहीत लिहिलेलं असतं. चार दिवसांत नऊशे नव्व्याण्णव रुपयांत देता येत नाही ते हे आहे, आणि त्यांनाही ते ठाऊक आहे. नाहीतर माणूस घरापर्यंत आला नसता.

म्हणून माझी विनंती आहे, त्यांचे काही अहवाल मिळवा. ज्यांनी घेतले त्यांच्याकडूनच, परवानगीने. तीस वर्षांचा सर्च म्हणून दिलेला अहवाल खरोखर २००२ च्या मागे जातो का, पुस्तकं पाहिल्याच्या पावत्या जोडल्या आहेत का, बघा. जात नसेल तर तो स्पर्धा आयोगाचा विषय नाही, तो गिऱ्हाइकाच्या फसवणुकीचा विषय आहे. आणि ज्या वकिलांची सही तुमच्या अहवालावर जाते त्यांना हा फरक दोन अहवाल शेजारी ठेवून दाखवा. मुंबईहून येऊन निवृत्तीचे पैसे जमिनीत घालणाऱ्या माणसाला साडेतीन हजार जड नसतात, फसलेली जमीन जड असते. हे त्याला कुणीतरी समजावून सांगितलं पाहिजे, आणि ते तुम्हीच करू शकता. चार हजार घ्यायचे असतील तर तुमच्या एकटीच्या हिशेबाने घ्या, अहवालामागे पावत्या लावून घ्या.

तक्रारीचं व्यवहारी अंग. स्पर्धा आयोगाकडे कुणीही माहिती दाखल करू शकतं. तुमचं स्वतःचं नुकसान झालंच पाहिजे असंही नाही, हे उबर-ओलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. एकट्या व्यक्तीला शुल्क पाच हजार रुपये. भरण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावर चालू दर पाहून घ्या. वकील लावलाच पाहिजे असं नाही. नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते, पण तीन तालुक्यांत अकरा सर्चवाले असताना कोण आहे हे कळायला कितीसा वेळ लागणार, ते तुम्हीच ठरवा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर कारण घडल्यापासून तीन वर्षांच्या आत यावं लागतं, उशीर झाला तर कारण पटवावं लागतं. आयोगाला प्रथमदर्शनी काही दिसलं तर तो महासंचालकांकडून तपास करवतो, नाही दिसलं तर फाइल तिथेच बंद. शेवटी गैरवापर ठरलाच तर दंड सरकारजमा होतो. तुमच्या बुडालेल्या कामाची भरपाई हवी असेल तर त्यासाठी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. हे आधी माहीत असलेलं बरं, कारण बरेच जण भरपाई मिळेल या आशेने जातात.

तर करू का? आज नाही. आज तुमच्या हातात कंपनीचं वर्चस्व दाखवणारा एकही कागद नाही आणि तुमच्या विरुद्धचा एक आहे. पण हात बांधून बसायचंही नाही. एक साधी वही घाला. प्रत्येक गेलेलं काम, कोणत्या वकिलाचं, कोणत्या गावचं, कोणत्या तारखेला, आणि ते कंपनीकडे का गेलं याबद्दल त्या माणसाने काय सांगितलं. कंपनीचे दरपत्रक, जाहिराती, व्हॉट्सअॅपवर आलेले संदेश जपून ठेवा. शाखांनी इतरांचा अहवाल नाकारला की तो नकार लेखी मागा. तुमच्यातले चारपाच जण धंदा सोडून गेले आणि मग कंपनीने सर्चची किंमत वर नेली, तर त्या दिवशी मला पुन्हा लिहा. प्रतिस्पर्धी संपवायला आधी खर्चाखाली विकायचं आणि मैदान मोकळं झालं की वसूल करायचं, ही कलम ४ ची सगळ्यात ओळखीची गोष्ट आहे, आणि तेव्हा तुमच्या वहीतल्या तारखांना वजन येईल. निबंधक कार्यालयातलं आतलं टेबल खरंच एकट्या कंपनीसाठी राखून ठेवलं जात असेल, तर तेवढीही वाट बघू नका.

सभेची नोटीस मात्र याच आठवड्यात काढा. सेक्रेटरी तुम्हीच आहात. विषय एकच लिहा: «मागील ठराव मागे घेणे». ज्यांना ते पटणार नाही त्यांना हे पत्र वाचून दाखवा. आणि त्या सभेला जाण्याआधी वडिलांच्या वह्या एखाद्या कोरड्या दिवशी पडवीत मांडून पान-पान फोटो काढून ठेवा. गेल्या पावसात तुमच्या छपराची कौलं गळत होती, असं तुम्हीच लिहिलंय.